कोऱ्या पाण्यातली माणसं

अगस्ती स्थानकावर उतरणाऱ्या प्रत्येकाचे खिसे विलास कोठावदे स्वतः झाडून घ्यायचा. हातात व्हॅक्यूमची नळी, दुसऱ्या हातात चिमटा.

"खिशाची शिवण उलटी करा. बुटांच्या खाचा दाखवा. घरून निघताना कुणी खिशात बडीशेप टाकली असेल तर आत्ताच सांगा, मी रागावणार नाही."

बडीशेप निघायचीच. कुणाच्या जॅकेटच्या चेनमध्ये गवताचं कुसळ, कुणाच्या मोज्यात मांजराचे केस. विलास ते चिमट्यानं उचलून पिशवीत बंद करायचा, आणि रागवायचाच. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या बर्फाला जिथं समुद्राची कड लागते, तिथं उघड्या पडलेल्या खडकावर हे स्थानक होतं. इथल्या मातीला गवताचं बी माहीत नव्हतं आणि ते माहीत करून द्यायची जबाबदारी आपण घ्यायची नाही, असं तो प्रत्येक तुकडीला ऐकवायचा. भाषण चांगलं असायचं. नवी पोरं घाबरून दाढीसुद्धा विंचरून घ्यायची.

स्थानकप्रमुखाची बॅग मात्र स्थानकप्रमुखच तपासतो, असा तिथला शिरस्ता. त्यामुळे विलासच्या बॅगेत तळाशी, लोकरी मोज्यांच्या आत, हळदीकुंकवाच्या जुन्या डब्यात काय आहे हे विलासलाच ठाऊक होतं. त्यानं ती बॅग तपासली आणि सोडून दिली.

डब्यात पुड्या होत्या. त्यातली एकच घरची.

अण्णा, म्हणजे विलासचे वडील, विलास निघायच्या महिनाभर आधी गेले. नाशकात किराणा दुकानाच्या गल्ल्यावर त्यांचं आयुष्य गेलं. लांबचा प्रवास म्हणजे मनमाडचं लग्न. घाटावर तेव्हा पाऊस सरला की नदीत टँकरनं पाणी सोडायची पाळी आलेली होती. आई म्हणाली, "टँकरच्या पाण्यात नको रे सोडू त्यांना. कधी कुठं गेले नाहीत. तू चाललाच आहेस, तर जाऊ देत तुझ्याबरोबर लांब." विलास हो म्हणाला. आईला नाही म्हणणारा मुलगा आणखी कुठे असेल तर असो, कोठावद्यांकडे नव्हता.

तिथंच थांबलं असतं तर ही गोष्ट एका माणसाची राहिली असती. पण आईनं ते समोरच्या बिऱ्हाडात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन देवरे नाना चपला न काढताच आत आले.

"विलासभाऊ, ऐकलं ते खरं का? जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी म्हणे तिथं."

"म्हणजे, तसं म्हणतात."

"आमच्या मातोश्रींच्या अस्थी चिमूटभर ठेवल्यात मी. चांगलं पाणी मिळेना म्हणून. एवढीशी पुडी. तिचं काय वजन होतंय?"

देवरे नानांनी एकदा पार्किंगचं भांडण विलासच्या बाजूनं मिटवलं होतं. मग वरच्या मजल्यावरच्या भामरेबाई आल्या. त्यांनी विलासच्या मुलीला फुकट गणित शिकवलं होतं. मग डॉक्टर आले, जे अण्णांना बघायला शेवटी शेवटी रात्री-अपरात्री घरी यायचे. प्रत्येकाचा विलासवर काही ना काही उपकार होता, आणि प्रत्येकाला तो नेमका त्याच आठवड्यात आठवला. नुसती राख देऊन कुणाचं समाधान होईना. कुणी पुडीत काळे तीळ घातले, कुणी वाळलेली तुळशीची पानं, कुणी पिंडाचा सुकलेला भात. आईनं दुधाची पावडर दिली; ताजं दूध तिथं कुठलं.

विलासची बायको रत्ना हे सगळं दारातून बघत होती. "एकदा तोंड उघडून नाही म्हणा. जीभ झिजणार नाही."

"म्हणतो ना," विलास म्हणाला, आणि डबा थोडा मोठा घेतला.

स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक तळं होतं. नकाशात त्याला नुसता क्रमांक. स्थानकावर सगळे त्याला कोरं तळं म्हणायचे. त्यात मासा नाही, किडा नाही, शेवाळाचा एक पातळ थर तेवढा तळाला, तोही पूर्वापार उपाशी राहायला शिकलेला. उन्हाळ्यात काठाचा बर्फ वितळून पाण्याची एक कड मोकळी व्हायची आणि एक बारीक ओहोळ तिथून खाडीकडे, समुद्राकडे जायचा. काठावर पाटी होती: यापुढे जाऊ नये. पाटी विलासनंच ठोकली होती.

तो पाटीच्या पुढे गेला. सूर्य मावळत नसल्यामुळे अंधाराचा आडोसा मिळायचा नव्हता, तेव्हा त्यानं सगळे जेवायला बसल्यावरची वेळ धरली. हातमोजे काढले, कारण आईनं बजावलं होतं, उघड्या हातानं सोड. पाण्यानं बोटं कापल्यासारखी झाली. पुड्या एकेक करून उघडल्या. नावं घ्यायची होती. देवरे नानांच्या मातोश्रींचं नाव आठवेना, म्हणून तो "नानांच्या मातोश्री" एवढंच म्हणाला. शेवटी अण्णा. मग दुधाची पावडर कालवून सोडली. निळ्या पाण्यात पांढरा ढग झाला, थोडा वेळ तरंगला, आणि ओहोळाच्या दिशेनं पसरत गेला. विलासला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं मागं वळून कुणी बघत नाही ना ते पाहिलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी जहाज आलं आणि जहाजातून जुरी सइकिया आली. आसामची, तिशीतली, पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर काम करणारी. विलासनं तिचेही खिसे उलटे केले. काही निघालं नाही. तिच्याबरोबर एक पेटी होती. पेटीतल्या यंत्राचं नाव जलवाचक.

पाण्यात जो जातो तो थोडा मागे राहतो. त्वचेचा कण, केसाचं मूळ, लाळ, खवला. आणि अशा प्रत्येक कणात त्या जिवाचा डीएनए असतो. कोमट पाण्यात तो लवकर विरतो, थंड पाण्यात टिकून राहतो. आधीच्या यंत्रांना एवढंच कळायचं की इथं मासा होता, इथं माणूस होता. जुरीच्या यंत्राला एका माणसाचे कण दुसऱ्या माणसाच्या कणांपासून निवडता यायचे. नळी बुडवून बाटलीभर पाणी घ्यायचं, ते यंत्रात सोडायचं, आणि या पाण्याला कोणकोण भेटलं ते पडद्यावर वाचायचं.

पण कुठलंही मोजमाप म्हटलं की शून्य लागतं. कोकणातल्या एका खाडीतले मासेमार तेव्हा कोर्टात उभे होते. वरच्या कातड्याच्या कारखान्यानं खाडीत काय सोडलं हे जलवाचक पाण्यातल्या कणांवरून सांगणार होता. कारखान्याचे वकील म्हणत होते, असलं थोडंबहुत सगळ्याच पाण्यात असतं. नसतं, हे दाखवायला जगात एक तरी पाणी हवं होतं. जुरीनं दोन वर्षं कागदावर भांडून त्यासाठी कोरं तळं मिळवलं होतं.

"सर, उद्या या तुम्ही," ती विलासला म्हणाली. स्थानकावर सगळं बोलणं हिंदीत चालायचं. "कोरा पडदा दाखवते. यंत्रावर काहीच न दिसण्याचा आनंद जगात फक्त मला होणार आहे."

विलास गेला नाही. हिशेब, डिझेल, जनरेटर. प्रमुखाला कामं काढायची म्हटली तर हवी तेवढी सापडतात.

संध्याकाळी ती त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"गाय," ती म्हणाली.

"काय?"

"तळ्यात गाय आहे, सर. आणि तांदूळ. तीळ. तुळस. आणि एक माणूस, पुरुष. सगळ्या बाटल्यांत तोच."

विलासनं खुर्ची पुढं केली. तेवढं त्याला सुचलं.

"कुणीतरी पूजा केल्यासारखं वाटतंय," ती बसत म्हणाली. "आमच्याकडेही असंच सगळं लागतं."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुने घेतले. आचारी, डॉक्टर, मेकॅनिक, हवामानवाले. आचाऱ्याला राग आला. "तुळस मी कशाला नेऊ तळ्यावर? माझ्याकडं कोथिंबीरसुद्धा पाकिटातली." सगळे हसले. विलासही हसला, जरा जास्तच. मग त्याची पाळी आली तेव्हा जुरीनं काड्यांचा डबा बंद केला.

"सर, तुमचा नको. तुमच्यावरच संशय घ्यायचा तर मग राहिलं काय?"

त्यानं तोंड उघडलंही होतं, काडीसाठी. ते त्यानं मिटलं.

असं काही घडलं की माणूस स्वतःला सांगतो, मी कुठं खोटं बोललो? विलासनं स्वतःला ते सांगितलं. अंघोळीच्या वेळी सांगितलं, जेवताना सांगितलं. खरोखरच तो एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. त्याच्या वाटचं खोटं जुरी स्वतःच बोलत होती, आणि तेही स्वतःविरुद्ध.

कारण एकाचाही नमुना जुळला नाही. रिकाम्या बाटल्या तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. तेव्हा तिला आठवलं की यंत्र जहाजावर चढवायच्या आधी तिच्या प्रयोगशाळेत दसऱ्याला त्याची पूजा झाली होती. गुरुजींनी तुळशीच्या पानानं दूध-पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या. त्यांच्या हातचा एखादा थेंब तळ्यात बुडवायच्या नळीत उडाला असणार; सगळ्या बाटल्यांतला पुरुष म्हणजे तेच. आणि तीळ? तिच्या आईनं जहाजावर खायला तिळाचे लाडू दिले होते. यंत्र जहाजावर जोडून पाहिलं तेव्हा तिनं तेच खाल्ले होते.

"मी पूजेला नको म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "सगळे एवढे हौसेनं करत होते, मला म्हणवलं नाही. मी शास्त्रज्ञ आहे का कोण?"

"होतं असं," विलास म्हणाला. "माणसाला भीड पडते."

हे वाक्य आपण बोललो याची त्याला बोलताबोलताच किळस आली.

त्याच आठवड्यात नाशकाहून देवरे नानांचा फोन आला. मागं बरीच गर्दी ऐकू येत होती. "विलासभाऊ, लोकांना फार समाधान वाटतंय हो! कॉलेज रोडचे एक टूरवाले आलेत. जहाजानं नेऊन आणायचं म्हणतात, फराळासकट. तुम्ही फक्त तळ्यावर उतरायची परवानगी बघा. आणि पुढच्या वर्षी तुमच्या जागी पुण्याचे कुणी येताहेत ना? त्यांचा नंबर द्या. लोक पुड्या घेऊन त्यांच्याकडं जायला तयार आहेत."

"नाना, असं नाही करता येत."

"अहो, तुम्ही केलंत की!"

फोन ठेवल्यावर विलास तळ्यावर गेला. जिथं तो गुडघ्यावर बसला होता तिथं, काठाच्या उथळ पाण्यात, दगडावर हाताच्या पंजाएवढा हिरवा बुळबुळीत डाग धरला होता. हाडांच्या राखेत फॉस्फरस असतो, दुधात बाकीचं सगळं. वर्षानुवर्षं उपाशी राहिलेल्या शेवाळाला कुणीतरी पंगत वाढली होती. डाग ओहोळाच्या अंगानं खाली सरकू लागला होता. पुढं खाडी, खाडीत सीलची पिल्लं. जुरीनं हा डाग पाहिला असता तर तिला लगेच कळलं असतं की नळी स्वच्छ आहे, तळंच तसं नाही.

विलासनं जेवणघरातून चमचा आणि थर्मास आणला. दगड खरवडला. हिरवं सगळं थर्मासमध्ये भरलं आणि स्थानकावर येऊन जाळायच्या कचऱ्यात टाकलं. मग साबणानं हात धुतले. नियमात तसंच लिहिलं होतं.

जुरीनं ठरवलं. बाकीच्या देशांतल्या शास्त्रज्ञांची बैठक होती, पडद्यावर. ती त्यांना सांगणार होती की जलवाचकाचे आकडे मागं घेते, नळी माझ्या हातून दूषित झाली, कोकणातल्या खाडीच्या खटल्यातही हे यंत्र साक्षीला धरू नका. बैठकीआधी विलास प्रयोगशाळेत गेला, तेव्हा ती नळी पुन्हा धूत होती. स्पिरिटनं तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"सर, एक सांगा. आईला मी काय सांगू? तिला वाटतं तिच्या लाडवांमुळे मी जहाजावर उपाशी राहिले नाही."

विलास दाराशीच उभा राहिला. "लाडवांचं काही सांगू नका," तो म्हणाला.

"ते लपवून कसं चालेल?"

"लाडू नाहीत ते. मी आहे."

तिला कळलं नाही. त्यानं मग सगळं सांगितलं. आई, टँकर, पुड्या, देवरे नाना. तो सांगत होता आणि त्याच्या लक्षात येत होतं की तो प्रत्येक वाक्यात दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतोय. आईनं सांगितलं. नानांनी दिलं. डॉक्टरांना नाही म्हणवलं नाही. जुरी ऐकत राहिली. तिनं नळी खाली ठेवली नाही.

"आणि काठावर हिरवं आलं होतं," तो म्हणाला. "ते मी काढलं."

आता ती उठली. "काढलं म्हणजे?"

"खरवडलं. जाळलं."

"जाळलंत?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सर, चूक झाली ती झाली. पण ते तरी ठेवायचं होतं! उपाशी तळ्याला खायला दिलं की काय होतं, हे जगात कुणी पाहिलं नव्हतं. एवढा एकच पुरावा होता, एवढंच काहीतरी शिकायला मिळालं असतं. तेही तुम्ही स्वच्छतेच्या नावाखाली जाळलंत?"

 

तिनं काड्यांचा डबा उघडला. "तोंड उघडा."

बैठकीत ती फार थोडं बोलली. यंत्र ठीक आहे, तळं बाटलं आहे, कारण आमचे स्थानकप्रमुख सांगतील. विलासनं सांगितलं. पडद्यावरच्या माणसांपैकी कुणीच रागावलं नाही. त्यांच्यापैकी एका म्हातारीनं फक्त चष्मा काढून डोळे चोळले. कोरं तळं शून्याच्या यादीतून गेलं. दुसरं पाणी शोधायचं, तर पुन्हा जहाज, पुन्हा परवानगी. तोवर खाडीचा खटला थांबणार नव्हता. तळ्याच्या नावापुढं, जगात कुणालाही वाचता येईल असं, लिहिलं गेलं: गाय, तांदूळ, तीळ, तुळस, विलास कोठावदे. थंडीत हे कण कितीही वर्षं टिकतील, असं खाली बारीक अक्षरांत होतं.

विलासला वाटलं होतं, नाशकात आता तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर आधी देवरे नानांचा संदेश पडला. तळ्याच्या माहितीचा फोटो, त्यात विलासच्या नावाभोवती लाल वर्तुळ. "आपल्या इमारतीतील श्री. विलासभाऊंचे नाव दक्षिण ध्रुवावरील तळ्याला कायमचे लागले. सर्व सभासदांतर्फे अभिनंदन. सत्काराची तारीख नंतर कळवू." त्याखाली हारांची, नमस्कारांची चित्रं लांबच लांब. भामरेबाईंनी लिहिलं होतं, "आमचे हेही तिथंच आहेत, धन्य झालो." डॉक्टरांनी नुसता अंगठा टाकला होता. रत्नाचा एकही शब्द नव्हता.

विलासनं लिहायला घेतलं, हा सन्मान नाही. पुसलं. पुन्हा लिहिलं. मग आईचा व्हिडिओ कॉल आला.

नाशकात दुपार होती. आई पलंगावर बसलेली, पाठीमागं भिंतीवर अण्णांचा फोटो, आणि त्याच्या शेजारी, तशाच चौकटीत, तळ्याचा. विलासनंच पाठवलेला, तिनं कधी मोठा करून घेतला, कधी त्याला हार घातला, त्याला पत्ता नव्हता.

"नाना पेढे देऊन गेले," ती म्हणाली. "मी ठेवून दिलेत. रत्नानं सगळं सांगितलं मला. त्या मुलीचं काम गेलं?"

"गेलं."

"आणि ते मासेमार?"

"त्यांचं कठीण आहे आता."

आईनं पदर सारखा केला. "तिला दे फोन."

"आई, तिला मराठी येत नाही."

"माझं मी बघते. दे तू."

जुरी जेवणघरात एकटीच बसली होती. विलासनं फोन तिच्यापुढं धरला आणि बाजूला उभा राहिला, शाळेत पालकांना बोलावल्यावर मुलं उभी राहतात तसा. आईचं हिंदी बाजारापुरतं होतं. "बेटी, हमारे आदमी का राख हमने तुम्हारे पानी में डाला. हमको मालूम नहीं था. नहीं, मालूम था थोडा. माफ करना." आणि तिनं हात जोडले.

जुरी घाईनं म्हणाली, "असं नका करू, आई." मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, कदाचित धीर द्यायचा असेल, ती समजावून सांगू लागली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या यजमानांमुळे तळं बाटलं असं म्हणताच येणार नाही. चितेत डीएनए जळून जातो. राखेत माणूस उरत नाही, उरतं ते नुसतं खत. यंत्राला तळ्यात तुमचे यजमान सापडले नाहीत, कुणाच्या मातोश्री सापडल्या नाहीत. मी प्रत्येक बाटली पाहिली. गेलेल्यांपैकी तिथं कुणीच नाही.

आईला सगळं कळलं नसावं, पण शेवटचं कळलं. "नहीं है?"

"नाहीत, आई."

जुरीनं फोन विलासच्या हातात दिला आणि ताट उचलून आत गेली. आईनं मान वळवून भिंतीकडं पाहिलं.

"विलास, मी रोज सकाळी दिवा लावून तिथं हात जोडते. मग मी कुणाला बघते रे?"

खोटं बोलता आलं असतं. तिला हवं ते सांगायची त्याला जन्माची सवय होती.

"मला," तो म्हणाला. "त्या पाण्यात सापडलेला माणूस मीच आहे."

आई उठली. फोन पलंगावरच राहिला, त्यात नुसता पंखा फिरताना दिसत होता. खिळ्यावरून तळ्याची चौकट निघाल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार उघडल्याचा, आणि ते लागल्याचा.